सायबरपंक २०७७: भूमिका निवडा, पण निभावू नका

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीलाच मुख्य पात्र व्हीची पार्श्वभूमी निवडायची असते: भटकी टोळी, गल्लीबोळ की कॉर्पोरेट नोकरी. तिन्ही प्रस्तावना वेगळ्या, पण थोड्याच वेळात त्या साथीदार जॅकीसोबतच्या एकाच मॉन्टाजमध्ये विरतात. पुढे त्या निवडीतून हाती लागतात ते मुख्यतः काही जादा संवाद. व्ही हे लेखकांनी घडवलेलं पात्र आहे, असा बचाव होतो. मग पार्श्वभूमी विचारायचीच कशाला? याउलट ‘द पिकअप’ मोहिमेत मेलस्ट्रॉम टोळीला पैसे द्या, लढा किंवा मिलिटेक कंपनीशी संधान बांधा, परिणाम खरोखर बदलतात. म्हणजे स्टुडिओला हे जमत होतं. २०२३ च्या २.० अपडेटने कौशल्यं आणि पोलीस सुधारले, लढाई रंगली. पार्श्वभूमीचं वजन मात्र वाढलं नाही. गेममधली नगरी नाइट सिटी देखणी आहे, पण आपण कोण, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही.