मित्रांचे मित्र जास्त का?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, घरोघरी कूलर घरघरत असतो. इन्स्टाग्रामवर मात्र फुटाळा तलावावरची सोनेरी संध्याकाळच दिसते. मोजपट्टी हाती नसली की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं. त्यात 1991 मध्ये समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी एक गणिती पेच दाखवला: सरासरी पाहिली तर आपल्यापेक्षा आपल्या मित्रांचे मित्र जास्त असतात. कारण ज्याचा गोतावळा मोठा, तो जास्त जणांच्या यादीत येतो. फीडमध्येही असेच लोक वारंवार भेटतात, तेही निवडक फोटोंतून. असं फीड पाहून खट्टू होणाऱ्या मुलांवर ओरडण्याआधी हे गणित त्यांना जरूर समजावून सांगा. ती कमी पडत नाहीत. समोरचा नमुनाच एकांगी आहे.