ऑपरेशन झाले, आता जखम भरायला काय खायचे?



उंब्रज परिसरातले पेशंट ऑपरेशनसाठी कराडला किंवा साताऱ्याला जातात. टाके घालून घरी आलेल्यांना भेटायला आम्ही वस्तीत जातो, तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. पंधरा-पंधरा दिवस फक्त पेज, चहा आणि बिस्किटे. डाळीने जखमेत पू होतो, अंडे उष्ण पडते, या समजुतीपायी नेमके हवे तेच अन्न बंद होते.

पू जंतुसंसर्गामुळे होतो, डाळीमुळे नाही. जखम भरायला शरीराला प्रथिने लागतात. ती जेवणातून मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडते. माणूस खंगतो, जखम रेंगाळते, संसर्गाचा धोका वाढतो. मोठ्या ऑपरेशननंतर रोज किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम मिळतात. पातळ पेजेच्या वाटीत जेमतेम एक-दोन.

खाल्लेले अंगीही लागले पाहिजे. जेवणाबरोबर चहा घेतला, तर डाळी-भाजीतले लोह कमी शोषले जाते. लिंबू, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त शोषले जाते. जठराचा किंवा लहान आतड्याच्या शेवटचा भाग काढला असेल, तर बी-१२ नीट शोषले जात नाही. अशा वेळी डॉक्टरांना बी-१२च्या इंजेक्शनबद्दल विचारावे. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

वर्षावासात आपल्या आया-बहिणी उपोसथ धरतात, दुपारनंतर जेवत नाहीत. नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी हा नियम धरू नये. विनयपिटकातल्या महावग्गात याचा दाखला आहे. आजारी भिक्खूंना अन्न पचेना, ते कृश झाले, तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची परवानगी दिली. नियमापेक्षा आजारी माणसाचे शरीर त्यांनी आधी पाहिले.

तरुण कार्यकर्त्यांना दोनच गोष्टी सांगतो. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटसोबत राहा आणि काय खायचे, कधीपासून, किती वेळा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा नको, अर्धा डझन अंडी न्या.