पावसाळी जाकीट घेताना शिवण पाहा

डोंगर चढणारे गिऱ्हाईक हल्ली २००-३०० ग्रॅमचे हलके जाकीट मागते. आम्ही कापडवाले वजनाआधी ते उलटून शिवण पाहतो. सुईच्या छिद्रांवर आतून टेप चिकटवलेली नसेल, तर भारी नायलॉनही गळते.

१९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी झटक्यात ताणली आणि सूक्ष्म छिद्रांचे पटल हाती आले. पाण्याचा थेंब अडतो, घामाची वाफ निघते. सह्याद्रीच्या दमट पावसात मात्र वाफ कमी निघते. तेथे काखेत चेन असलेली बरी.

पाणी नुसते ओघळवणारे कापड ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकू नये. कड्यावर भिजलेला माणूस वाऱ्यात गारठून जिवाला मुकू शकतो. दुकानदार बंधूंनो, शिवण दाखवूनच माल द्या.