चूक कोणाची नव्हे, कशामुळे?
वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज १९९९च्या ‘टू एर इज ह्यूमन’ अहवालाने मांडला. २००५मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘क्यूसेन’ प्रकल्पाने परिचारिका शिक्षणासाठी सहा क्षमता ठरवल्या. सुरक्षितता व गुणवत्ता सुधारणा त्यांपैकी दोन. या दोन क्षमतांवरचा विद्यार्थ्यांसाठी सर्वांत कसदार लेखी स्वाध्याय म्हणजे मूळ कारणांचा शोध. औषधाची मात्रा चुकली, तर आधी घटनाक्रम लिहायचा. मग सारखी दिसणारी लेबले, अपुरे मनुष्यबळ, ड्यूटी बदलताना राहून गेलेली माहिती, असे दुवे तपासायचे. रुग्णाचे नाव अर्थातच वगळायचे. ‘यापुढे काळजी घ्यावी’ हा उपाय जवळजवळ निरुपयोगीच. कामाच्या पद्धतीत नेमका कोणता बदल हवा आणि त्याचा परिणाम कसा मोजणार, हे लिहावे लागते.