दोन प्रोग्रामिंग भाषांच्या सीमेवरची एरर

एका प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेतले फंक्शन बोलावतो तेव्हा आकडे, मजकूर, मॅट्रिक्स बहुधा सुखरूप पलीकडे पोचतात. अडते ते एररपाशी, कारण काय बिघडले हे सांगण्याची प्रत्येक भाषेची रीत निराळी. सी फंक्शन एखादा ठरलेला आकडा परत करते. तो तपासायचा की नाही हे बोलावणाऱ्याच्या मर्जीवर. सी++, जावा आणि पायथन एक्सेप्शन फेकतात आणि कोणी झेलेपर्यंत ते स्टॅकमध्ये वर चढत राहते. रस्टमध्ये अपेक्षित अपयश परतीच्या मूल्यातच सांगितले जाते, अनपेक्षितासाठी पॅनिक असते.

सीमेवर नेमके काय हरवते, हे पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाच्या ऑप्टिमायझेशन टूलबॉक्समध्ये चांगले दिसते. वापरणारा सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. अरेषीय प्रश्न प्रत्यक्षात सोडवते आयपीऑप्ट ही सी++ मधील मुक्त लायब्ररी. टूलबॉक्समधल्या एफमिनकॉन या फंक्शनचे नाव मॅटलॅबमधल्या फंक्शनचेच आहे आणि दोन्ही उत्तरासोबत एक्झिटफ्लॅग नावाचा आकडा देतात. मॅटलॅबमध्ये 1 म्हणजे उत्तर सापडले, 0 म्हणजे आवर्तनांची किंवा फंक्शन मोजण्याची मर्यादा संपली. सायलॅबच्या टूलबॉक्समध्ये 0 म्हणजे इष्टतम उत्तर, 1 म्हणजे आवर्तने संपली. दुसरी यादी आयपीऑप्टच्या अंतर्गत क्रमांकांशी जुळते. त्याच आयपीऑप्टच्या बाहेरच्या यादीत मात्र 1 चा अर्थ 'चालण्याजोगे उत्तर' आहे आणि आवर्तने संपल्याची खूण उणे 1.

वडोदऱ्याच्या गोरवा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्यासाठी लिहिलेली मॅटलॅब स्क्रिप्ट परवान्याचा खर्च वाचवायला सायलॅबवर आणली, आणि 'एक्झिटफ्लॅग 1 असेल तर उत्तर वापरा' ही ओळ तशीच राहिली, तर काय होईल? पक्के उत्तर टाकून दिले जाईल, अर्धवट उत्तर स्वीकारले जाईल आणि पडद्यावर एकही एरर दिसणार नाही. क्रॅश परवडला. नुसता आकडा सीमेपलीकडे धाडणे ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट सवय आहे. आकड्याबरोबर नाव, मूळ संदेश आणि तो कोणत्या लायब्ररीतून आला हेही जायला हवे.

उलट दिशेचा प्रवास याहून गुंतागुंतीचा. ज्या फंक्शनचे किमान मूल्य शोधायचे ते वापरणाऱ्याने सायलॅबमध्येच लिहिलेले असते. म्हणजे सायलॅब सी++ ला बोलावते आणि सी++ पुन्हा सायलॅबला. या वाटेवर आयपीऑप्टला कळते ते फक्त 'मोजता आले' किंवा 'आले नाही'. नकार मिळाला की ते पाऊल आखडते घेऊन पुन्हा प्रयत्न करते. ऋण संख्येचा लॉगॅरिदम आडवा आला असेल तर हे शहाणपणाचे. पण चलाचे नाव चुकीचे टंकले असेल तर पाऊल कितीही आखडले तरी काय उपयोग? जोडणाऱ्या कोडने दोन्हींना सारखाच नकार दिला, तर शेवटी वापरणाऱ्याच्या हाती गणिती अडचणीचा संदेश पडतो आणि तो दिवसभर समीकरणे तपासत बसतो. त्याऐवजी अशी पहिली एरर मजकुरासह बाजूला ठेवावी, पुढच्या प्रत्येक मागणीला नकार द्यावा आणि आयपीऑप्टने काम सोडल्यावर मूळ एरर सायलॅबमध्ये पुन्हा उठवावी.

एरर उठवली म्हणजे काम थांबले, असेही नाही. सायलॅबसाठी सी मध्ये गेटवे लिहिताना सायएरर हे फंक्शन एररची फक्त नोंद करते. त्यानंतर परत फिरणे लिहिणाऱ्याचे काम. जावाच्या जेएनआयमध्येही नेटिव्ह कोडने फेकलेले एक्सेप्शन लगेच उडी मारत नाही, प्रलंबित राहते. पायथनच्या सी एपीआयमध्ये नल परत करणे आणि एररची नोंद करणे या दोन्ही गोष्टी जोडीने लागतात. एक विसरली की पायथन सिस्टमएरर देतो. निदान तो बोलतो तरी.

उलट, उडी मारणारी एररही घातक. सी++ चे एक्सेप्शन सी च्या कोडमधून गेले तर काय होईल याची हमी सी++ ची मानके देत नाहीत. आर भाषा एररसाठी लाँगजंप वापरते. मध्ये सी++ चा कोड असला तर त्याचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत, मेमरी आणि उघड्या फाइली तशाच राहतात. म्हणून सीमेवरच्या प्रत्येक फंक्शनने आपल्या भाषेतली प्रत्येक एरर सीमेच्या आतच झेलावी. रस्टने 2024 मध्ये, 1.81 या आवृत्तीपासून, सी साठी उघड्या केलेल्या फंक्शनबाहेर पॅनिक निसटू लागला तर प्रोग्राम तिथेच बंद पाडण्याचे ठरवले. स्टॅक ओलांडू द्यायचा असेल त्यांच्यासाठी सी-अनवाइंड हा वेगळा करार 2023 पासून आहे.

आयआयटी मुंबईतच प्रभू रामचंद्रन यांच्या गटाने विकसित केलेले पायएसपीएच हे कणांच्या आधारे प्रवाहगणित करणारे सॉफ्टवेअर पायथनला वेग देण्यासाठी सायथन या कंपायलरचा आधार घेते. सायथनला सांगितले तर तो सी++ चे बॅड-अॅलॉक पायथनच्या मेमरीएररमध्ये, आउट-ऑफ-रेंज इंडेक्सएररमध्ये बदलतो; अनोळखी एक्सेप्शनला रनटाइमएरर मिळते. सी शैलीच्या फंक्शनांबाबत मात्र त्याचा जुना रिवाज विचित्र होता: वेगळी सूचना नसली तर एक्सेप्शन छापून दुर्लक्षिले जाई आणि प्रोग्राम पुढे चालू राही. 2023 च्या 3.0 आवृत्तीत हा रिवाज उलटला. आता एरर आपोआप वर जाते. त्याची किंमत वेगाच्या रूपात मोजावी लागते. काहीही परत न करणारे फंक्शन पायथनच्या जागतिक कुलुपाशिवाय चालत असेल, तर प्रत्येक हाकेनंतर एरर तपासण्यासाठी ते कुलूप पुन्हा घ्यावे लागते. लाखो कणांवर फिरणाऱ्या लूपमध्ये हे जड जाते, म्हणून अशा फंक्शनला आकडा परत करायला लावून त्यातला एक एररसाठी राखतात, किंवा एरर येणारच नाही याची खात्री असेल तिथे नोएक्सेप्ट लिहितात.