पैशामागचं कोडं : तोट्यात विकलं, तरी कर?

गोंदियातल्या कुणी पॉवरग्रिड इन्विट या पायाभूत सुविधा गुंतवणूक ट्रस्टचं युनिट १०० रुपयांना घेतलं आणि ९५ ला विकलं, तर पाच रुपये तोटा ना? आयकर खातं म्हणू शकतं, तीन रुपये नफा!

२०२१ मध्ये शेअर बाजारात आलेल्या या ट्रस्टकडे वरोरा, परळीकडच्या वीजवाहिन्या आहेत. त्यांच्या कमाईतून युनिटधारकांना दर तिमाहीला पैसे मिळतात. ही रक्कम मात्र एकजिनसी नसते. त्यात थोडं व्याज, थोडा लाभांश आणि ट्रस्टनं वीजवाहिन्यांच्या कंपन्यांना दिलेल्या कर्जाची थोडी परतफेड असते. व्याजावर त्याच वर्षी कर लागतो. परतफेडीवर सहसा तेव्हा लागत नाही, कारण ते तुमचंच भांडवल परत आलेलं असतं. धानाच्या व्यापाऱ्याला हे चटकन उमजेल: पोत्यामागे आठ रुपये परत मिळाले, तर माल तेवढा स्वस्तात पडला. तसंच युनिटमागे आठ रुपये परतफेड मिळाली असेल, तर खरेदी १०० ऐवजी ९२ धरायची; म्हणून ९५ ला विकल्यावर तीन रुपये नफा.

२०२३ च्या वित्त कायद्यानं आणलेला हा वजावटीचा नियम किचकटच आहे. वर्षाच्या आत विकलं, तर नफ्यावर २० टक्के कर. नंतर विकलं, तर वर्षाच्या एकूण दीर्घकालीन नफ्यातल्या सव्वा लाखावरच्या भागावर साडेबारा टक्के. ब्रोकरच्या पत्रकात आठ रुपयांची वजावट असेलच असं नाही. तेव्हा विवरणपत्र भरण्याआधी ट्रस्टकडून आलेली वितरणाची पत्रकं शोधून ठेवा.