दंतविद्यालयापूर्वीचे विज्ञान

महाराष्ट्रात दंतवैद्य होऊ इच्छिणाऱ्या मुलाला विज्ञानविषयांची निवड अशी करावीच लागत नाही. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तीन विषय घेऊन तो बारावी उत्तीर्ण होतो, नीटची परीक्षा देतो, यादीत नाव लागले तर बीडीएसच्या पहिल्या वर्षात दाखल होतो, आणि तेथून पुढे शरीररचना केव्हा शिकावयाची व औषधशास्त्र केव्हा, हे सारे अभ्यासक्रमाने आधीच ठरवून ठेवलेले असते. अमेरिकेतला शिरस्ता याहून अगदी निराळा आहे. तेथे विद्यार्थी बहुधा चार वर्षांची पदवी घेऊन मगच दंतविद्यालयात पाऊल टाकतो, आणि त्या चार वर्षांत मुख्य विषय म्हणून इतिहास घ्यावा, संगीत घ्यावे की जीवशास्त्र घ्यावे याची त्याला पूर्ण मुभा असते; अट एवढीच की दंतविद्यालयांनी नेमून दिलेले काही विज्ञानविषय, प्रयोगशाळेतील कामासह, त्याने पुरे केलेले असावेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील आईबापांना, ज्यांचे स्वतःचे शिक्षण इकडच्या ठरीव चाकोरीत झाले, ही मुभा सुरुवातीला गोंधळात टाकते. आणि ज्याला ती मिळालेली असते तो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तर तिच्यापुढे पुष्कळदा भांबावूनच जातो.

ही व्यवस्था आपोआप निर्माण झालेली नाही. दंतवैद्यकाचे जगातील पहिले स्वतंत्र महाविद्यालय 1840 मध्ये बाल्टिमोर येथे निघाले, आणि त्यानंतरच्या अनेक दशकांत अमेरिकेत निघालेल्या दंतविद्यालयांपैकी कित्येक केवळ खासगी नफ्यासाठी चालत. या परिस्थितीची बारकाईने पाहणी केली ती कोलंबिया विद्यापीठातील विल्यम गीस यांनी, आणि ते व्यवसायाने दंतवैद्य नव्हते, तर जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी लिहिलेला त्यांचा अहवाल 1926 मध्ये प्रसिद्ध झाला. दंतवैद्यक ही केवळ हाताची कारागिरी नसून आरोग्यसेवेची एक शाखा आहे, तिचे शिक्षण विद्यापीठाच्या छत्राखाली झाले पाहिजे, आणि विद्यार्थ्याने त्यापूर्वी निदान दोन वर्षे महाविद्यालयात घालविली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. आज जो विद्यार्थी सेंद्रिय रसायनाच्या वर्गात बसून, दात उपटणाऱ्याला याचा उपयोग काय, असा प्रश्न मनात घोळवीत असतो, त्याच्या प्रश्नाचे मूळ उत्तर या अहवालात आहे.

सक्तीच्या विषयांविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र हे चार विषय, बहुतेक ठिकाणी प्रत्येकी दोन सत्रे, आणि त्यांच्या जोडीला आता बहुसंख्य विद्यालयांत जीवरसायनशास्त्र, एवढी ही यादी आहे. दंतविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतील विज्ञानाच्या भागात शंभर प्रश्न असतात. त्यांतले चाळीस जीवशास्त्राचे, तीस सामान्य रसायनाचे आणि तीस सेंद्रिय रसायनाचे. भौतिकशास्त्र त्यात मुळीच नाही. त्यामुळे अनेक विद्यार्थी ते केवळ दप्तरी नोंद पुरी करण्यापुरते शिकतात, आणि पुढे दात भरण्याची राळ निळ्या प्रकाशाच्या झोताखाली का घट्ट होते, घट्ट होताना का आकसते, आणि त्या आकसण्याने दात व राळ यांच्यामध्ये फट कशी पडू शकते, हे समजून घेताना त्यांना त्या उपेक्षेची किंमत मोजावी लागते.

खरा प्रश्न सक्तीच्या विषयांपलीकडचा आहे. पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोन किंवा तीन ऐच्छिक विज्ञानविषय घेण्यास जागा उरते, आणि समोर शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, ऊतकविज्ञान, आनुवंशिकी, प्रतिक्षमताशास्त्र असे विषय मांडलेले असतात. यांतले कोणते घ्यावेत? विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण कल शरीररचनाशास्त्राकडे असतो, आणि त्यामागचा हिशेब उघड आहे: दंतविद्यालयाच्या पहिल्या वर्षी डोके आणि मान यांची रचना शिकावीच लागणार, तर नावांची ओळख आधीच करून घेतलेली बरी. हा हिशेब खोटा नाही. तथापि तो अपुरा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शरीररचना दंतविद्यालयात पुन्हा पहिल्यापासून, शवविच्छेदनासह आणि पदवीच्या वर्गात कधीही शक्य नसलेल्या तपशिलाने शिकवितात. आधी पाठ केलेल्या नावांचा लाभ काही आठवडे टिकतो आणि मग सगळे विद्यार्थी एकाच रेषेवर येतात. उलट ज्या विषयांत एक कल्पना दुसरीवर उभी राहते आणि दुसरी पक्की झाल्याखेरीज तिसरी उमगत नाही, ते विषय सावकाश मुरवावे लागतात, आणि दंतविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांची घाई त्यांना तेवढा अवसर देत नाही. म्हणून जीवरसायनशास्त्र, जेथे ते सक्तीचे नसेल तेथेही, आणि शरीरक्रियाविज्ञान हे विषय आधी, निवांतपणे आणि शक्य तर चांगल्या अध्यापकाच्या हाताखाली शिकावेत.

या मताला आधार काय, हे एका प्रसंगावरून सांगता येईल. रात्रभर ठणकणारी दाढ घेऊन रुग्ण सकाळी खुर्चीत येऊन बसतो. दंतवैद्य लिडोकेनची, आपल्याकडे ज्याला लिग्नोकेन म्हणतात त्या औषधाची, सुई देतो. दहा मिनिटे थांबतो. आणि तरीही उपकरणाचा स्पर्श होताच रुग्ण कळवळतो. नेहमीचीच मात्रा, नेहमीचीच जागा, मग औषध लागू का पडले नाही? याची कारणे एकाहून अधिक आहेत, परंतु त्यांतले एक कारण पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनातले आहे. लिडोकेन हा दुर्बल आम्लारी पदार्थ असून द्रावणात त्याचे काही रेणू विद्युद्भारित असतात आणि काही निर्भार. मज्जातंतूचे स्निग्ध आवरण ओलांडून आत शिरू शकतात ते केवळ निर्भार रेणू. निरोगी ऊतकाचा पीएच 7.4 च्या सुमारास असतो आणि तेथे जवळजवळ चतुर्थांश रेणू निर्भार राहतात. सुजलेल्या, पू धरलेल्या जागी आम्लता वाढलेली असते, पीएच 6.5 पर्यंत उतरला तर हे प्रमाण शेकडा चाराच्या आसपास येते. औषध तेवढेच आहे, सुई योग्य जागी गेली आहे, पण आत शिरणारे रेणू थोडे आहेत. हे ज्याने समजून घेतले आहे तो दंतवैद्य आंधळेपणाने मात्रा वाढवीत बसत नाही. सुजलेल्या जागेपासून दूर, जेथे ऊतक निरोगी आहे तेथे, तो मज्जातंतूला गाठण्याचा विचार करतो. आणि रुग्णाच्या दृष्टीने या ज्ञानाचे मोल काय आहे, हे ठणकत्या दाढेने एकदा रात्र जागविलेल्या कोणालाही वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण याहूनही नित्याचे, दाताला लागणाऱ्या किडीचे. दाताच्या बाहेरच्या पांढऱ्या कवचाचे, म्हणजे दंतवल्काचे, वजनाने सुमारे 96 टक्के द्रव्य खनिज असते. ते कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे बनलेले आहे. दातांवरच्या थरात राहणारे सूक्ष्मजीव साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवितात, पीएच 5.5 च्या खाली गेला की स्फटिक विरघळू लागतात. लाळेतील बायकार्बोनेट आम्लाचे निवारण करते, आणि वेळ मिळाला तर लाळेतूनच कॅल्शियम व फॉस्फेट दातात परत जमा होतात. एवढ्या एका व्यवहारात सूक्ष्मजीवशास्त्र आहे, विद्राव्यतेचे रसायन आहे, लालाग्रंथींचे शरीरक्रियाविज्ञान आहे. पीएच हा आकडा 7 वरून 5.5 वर आला म्हणजे थोडासाच उतरला असे वाटते. वस्तुतः हायड्रोजन आयनांचे प्रमाण तीसपटींहून अधिक वाढलेले असते, आणि हा लॉगरिदमचा धडा ज्याने नुसता परीक्षेपुरता घोकला त्याला, दिवसातून दहा वेळा गोड चहा घेणारा माणूस एकदाच पोटभर गोड खाणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात का, हे रुग्णाला पटेल अशा शब्दांत सांगता येत नाही.

ऊतकविज्ञानाविषयी मात्र मी थोडा पक्षपाती आहे, आणि तो पक्षपात लपविण्याची मला आवश्यकता वाटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दाताचा पातळ छेद पाहताना दंतवल्काचे दांडे, त्याखालच्या दंतिनातील असंख्य सूक्ष्म नलिका आणि आतला मज्जेचा गाभा दिसतात, तेव्हा दात ही हाडासारखी निर्जीव वस्तू आहे हा समज कायमचा गळून पडतो. वास्तविक हाडही निर्जीव नव्हेच. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नष्ट होतात, म्हणून एकदा गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा घडवू शकत नाही. उलट दंतिन घडविणाऱ्या पेशी आयुष्यभर मज्जेच्या कडेने जिवंत राहतात. दात किती कोरावा आणि कोठे थांबावे, हा दंतवैद्याचा दररोजचा निर्णय या एका भेदावर उभा आहे. आपल्याकडे बीडीएसच्या पहिल्याच वर्षी मुखाचे ऊतकविज्ञान शिकविले जाते ते याचसाठी. ज्याच्या महाविद्यालयात हा वर्ग उपलब्ध असेल त्याने तो सोडू नये.

गुणांचा विचार येथे टाळता येणार नाही. अमेरिकेतील बहुतेक दंतविद्यालयांचे अर्ज ज्या केंद्रीय सेवेमार्फत जातात ती विद्यार्थ्याच्या विज्ञानविषयांतील सरासरीचा हिशेब स्वतंत्रपणे करते. यास्तव एकाच सत्रात तीन अवघड विषय घेऊन तिन्हींत मध्यम गुण मिळविणे हे धाडस नव्हे, अविचार होय. पण उलट टोकाला जाऊन केवळ सोपा म्हणून एखादा विषय घेणारा विद्यार्थी दंतविद्यालयाच्या पहिल्या सत्रात, जेथे एकाच वेळी सहा-सात विषयांचा मारा होतो, फार कष्टी होतो. दोन ऐच्छिक विषय, परंतु मनापासून शिकलेले, हे प्रमाण मला योग्य वाटते. तिसऱ्याची जागा उरलीच, तर ती मूर्तिकलेच्या किंवा रेखाटनाच्या वर्गास द्यावी. प्रवेशपरीक्षेत आकृत्या, कोन आणि घडीव वस्तूंचे निरनिराळ्या बाजूंनी दिसणारे रूप ओळखण्याचा नव्वद प्रश्नांचा स्वतंत्र विभाग असतो, आणि पुढे मेणातून दाढेचा प्रत्येक उंचवटा घडविताना हाताला व डोळ्याला जी तालीम लागते ती कोणत्याही विज्ञानाच्या वर्गात मिळत नाही.

विषयांचा क्रम हा शेवटचा, पण व्यवहारात सर्वांत अधिक चुकणारा भाग. सामान्य रसायनावाचून सेंद्रिय रसायन नाही, आणि त्यावाचून जीवरसायन नाही. म्हणजे पहिले, दुसरे आणि तिसरे वर्ष या साखळीनेच व्यापले जाते, आणि पहिल्या वर्षी रसायन टाळणाऱ्याचा पुढचा सगळा बेत एक वर्ष मागे सरकतो. प्रवेशपरीक्षा सेंद्रिय रसायन संपल्यावर, ते ताजे असतानाच द्यावी. अर्ज दंतविद्यालय सुरू होण्याच्या आधीच्या वर्षी उन्हाळ्याच्या आरंभी स्वीकारले जाऊ लागतात, तेव्हा पदवीनंतर लगेच प्रवेश हवा असेल तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ही तयारी झालेली असावी लागते. आणि प्रत्येक विद्यालयाचे कायदेकानू वेगळे आहेत: कोणी शालेय काळात मिळविलेले महाविद्यालयीन श्रेयांक मानतात, कोणी मानत नाहीत, कोणी घरबसल्या केलेल्या प्रयोगशाळेस हरकत घेतात, कोणी फार जुना अभ्यासक्रम स्वीकारीत नाहीत. जेथे अर्ज करावयाचा आहे त्या विद्यालयांची यादी दुसऱ्या वर्षीच करावी, प्रत्येकाच्या अटी मुळातून वाचाव्या, आणि जेथे संदेह असेल तेथे प्रवेश कार्यालयाला लिहून विचारावे व आलेले लेखी उत्तर जपून ठेवावे.